शिष्यवृत्ती अडीच हजार, रिचार्ज अडीच हजार

घरून ये-जा करून अकरावी-बारावी शिकणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून निर्वाह भत्ता मिळतो वर्षाला २५०० रुपये. जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओचा २८ दिवसांचा सर्वांत लहान रिचार्ज १५५ वरून १८९ रुपयांवर गेला. वर्षात असे १३ रिचार्ज लागतात. १८९ गुणिले १३ म्हणजे २४५७. अडीच हजारातून उरले ४३ रुपये. त्या ४३ रुपयांत वह्या, पेन, एसटीचा पास आणि परीक्षेचा फॉर्म कसा बसवायचा ते समाजकल्याण खात्याने सांगावे.

वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला ४००० मिळतात. त्याला रोज थोडा डेटा हवा असेल तर ऑगस्ट २०२५ पर्यंत २४९ रुपयांचा प्लॅन होता, रोज १ जीबीचा. तो काढून टाकला गेला आणि रोजच्या डेटाची सुरुवात जिओवर २९९ पासून झाली. २९९ गुणिले १३ म्हणजे ३८८७. चार हजारातून उरले ११३.

आता यात आणखी एक आकडा घाला. रिचार्जवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो किमतीतच धरलेला असतो. २४५७ रुपयांच्या रिचार्जमध्ये जवळपास ३७५ रुपये कराचे. म्हणजे सरकार एका हाताने अडीच हजार देते आणि त्यातले पावणेचारशे दुसऱ्या हाताने परत घेते. शिष्यवृत्तीवर करमाफी आहे असे आपल्याला शिकवले जाते. अकरावीतल्या लेकराच्या शिष्यवृत्तीवर कर कसा बसतो ते हे असे.

किल्लारीत आणि आसपासच्या वस्त्यांवर काम करताना आम्हाला पालक विचारतात, "पोराला कोणता रिचार्ज मारावा? स्वस्तात कोणता बसतो?" हा प्रश्न आमच्या अनेक कार्यकर्त्यांना किरकोळ वाटतो. आरक्षण, अत्याचार, संविधान हे विषय मोठे आणि रिचार्ज हा घरगुती. आमचे म्हणणे उलटे आहे. रिचार्ज हा आज शिक्षणाचा खर्च आहे. सरकारने तो भत्त्यात धरलेला नाही, कंपन्यांनी तो लहान राहू दिलेला नाही, आणि चळवळीने तो अजून आपला विषय मानलेला नाही. या तिघांशीही आमचे भांडण आहे.

सगळी दारे ओटीपीची

"आमच्या वेळी कुठे मोबाइल होता? आम्ही शिकलोच ना!" असे म्हणणारे गुरुजी आणि साहेब आपल्यातही आहेत. त्यांच्या वेळी शिष्यवृत्तीचा फॉर्म कॉलेजच्या खिडकीत मिळत होता, यादी फलकावर लागत होती, निकाल शाळेत कळत होता. आज शिष्यवृत्तीचा फॉर्म महाडीबीटी पोर्टलवर भरायचा, आणि त्यासाठीचा ओटीपी मोबाइलवर येतो. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाला, म्हणजे औसा तालुक्यातल्या खेड्यातल्या मुलालाही गावाजवळच्या कॉलेजात जायला आधी स्क्रीनवर जावे लागले. जात पडताळणीचा अर्ज ऑनलाइन. नीट आणि सीईटीचे फॉर्म, हॉल तिकीट, निकाल, प्रवेशाच्या फेऱ्या, सगळे ऑनलाइन. वर्गशिक्षक गृहपाठ ग्रुपवर टाकतात. लातूरच्या क्लासची टेस्ट सिरीज ॲपवर असते.

यातली कोणतीही गोष्ट मुलाने हौसेने निवडलेली नाही. ही सगळी दारे सरकारने आणि संस्थांनी बसवली आणि प्रत्येक दाराला मोबाइलचे कुलूप घातले. मग चावीचा खर्च कोणाचा? आजवर तो रोजंदारीवर जाणाऱ्या आईचा ठरला आहे.

नंबर बंद पडला तर काय होते हेही समजून घ्या. ट्रायच्या २०१३ च्या नियमाप्रमाणे प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला गेला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. पुढे तोच नंबर दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. त्या नंबरला आधार जोडलेले असेल, बँक खाते जोडलेले असेल, तर ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर जाणार. ऊसतोडीला, वीटभट्टीला, पुण्या-मुंबईच्या बांधकामावर जाणाऱ्या घरात हे सहज घडू शकते, कारण हंगाम बदलला की सिमही बदलते. मग आधार केंद्रावर खेप, नंबर बदलण्याचे शुल्क, एक रोज बुडाला, आणि तोवर फॉर्मची मुदत संपलेली. नंतर कार्यालयात उत्तर मिळते, "तुम्ही वेळेत अर्ज केला नाही." शिष्यवृत्ती गेली ती मुलाच्या आळसाने नाही, संपलेल्या व्हॅलिडिटीने गेली.

'जगात सर्वांत स्वस्त डेटा' हे कोणासाठी?

सरकारचा आवडता दावा असा की भारतात डेटा जगात सर्वांत स्वस्तांपैकी आहे. २०१४ साली एका जीबीला सरासरी २६९ रुपये पडत, आता दहाच्या आसपास पडतात. आकडा खोटा नाही. पण तो ज्याला महिन्याला पन्नास जीबी लागतात त्याच्या सोयीचा आहे. गरीब माणूस जीबीमागे किती हे मोजत नाही. आत शिरायला कमीत कमी किती मोजावे लागतात हे तो पाहतो.

त्या आत शिरण्याच्या किमतीचा इतिहास बघा. २००३ पासून इनकमिंग मोफत झाले. पुढे 'लाइफटाइम' सिम आले, एकदा पैसे भरले की येणारे फोन येतच राहायचे. दहा-वीस रुपयांच्या टॉपअपवर महिना निघायचा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ फुकट डेटा घेऊन आले. त्या फुकटाच्या शर्यतीत कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या, एकमेकींत मिसळल्या. खाजगीत मैदानावर उरल्या तीन. मग वसुली सुरू झाली. २०१८ च्या अखेरीस किमान रिचार्जची सक्ती आली, २८ दिवसांचे ३५ रुपये. एअरटेलचा हा किमान आकडा २०२१ मध्ये ७९ झाला, त्याच वर्षी ९९ झाला, २०२३ पर्यंत १५५ वर गेला आणि जुलै २०२४ मध्ये १९९ झाला. सहा वर्षांच्या आत साडेपाच पटीहून जास्त.

या काळात आमच्या मुलांचा भत्ता किती वाढला? २०१० च्या सुधारणेत घरून ये-जा करणाऱ्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला महिन्याला २३० रुपये होते. दहा महिन्यांचे धरले तर २३००, बारा महिन्यांचे धरले तर २७६०. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो वर्षाला २५०० केला. म्हणजे एका हिशेबाने अकरा वर्षांत दोनशे रुपये वाढले, आणि दुसऱ्या हिशेबाने २६० रुपये कमी झाले. दर वाढवताना कंपन्या म्हणतात, ग्राहकामागचे उत्पन्न वाढले पाहिजे. आमच्या वस्तीतल्या विद्यार्थ्यामागचे उत्पन्न कोणी वाढवायचे?

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने आदेश दिला की ज्याला डेटा नको त्याच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा वेगळा प्लॅन ठेवा. चांगला आदेश होता. त्याचे काय झाले? एअरटेलचा १९९९ रुपयांचा वर्षाचा प्लॅन होता, त्यात २४ जीबी डेटा मिळत होता. तो गेला. डेटा काढून वर्षाचा प्लॅन १८४९ ला आला, आणि डेटा हवा असेल तर ३० जीबीसह २२४९. म्हणजे २४ जीबी काढून घेतले तेव्हा सूट दिली दीडशेची, आणि ३० जीबी परत द्यायला मागितले चारशे. नियम कागदावर पाळला गेला आणि ज्याच्यासाठी नियम केला त्याच्या खिशात फारसे काही उरले नाही.

गरीब असण्याचा दंड

आता सर्वांत महत्त्वाचा हिशेब. ज्याच्याकडे एकरकमी २२४९ रुपये आहेत त्याला ३६५ दिवस कॉल आणि ३० जीबी मिळतात. ज्याच्याकडे एका वेळी दोनशेच रुपये निघतात तो १९९ चा रिचार्ज तेरा वेळा मारतो. त्याचे वर्षाला होतात २५८७ आणि डेटा मिळतो २६ जीबी. म्हणजे गरिबाने ३३८ रुपये जास्त भरले आणि ४ जीबी कमी घेतले. त्याचा गुन्हा एवढाच की त्याच्याकडे एकत्र पैसे नव्हते.

किराणा दुकानात हेच होते. पाव किलो तेल घेणारा किलोमागे जास्त मोजतो, पुडीतला शाम्पू बाटलीपेक्षा महाग पडतो, सावकाराचे दहा हजार बँकेच्या दहा हजारांपेक्षा महाग असतात. समाजशास्त्राच्या पुस्तकात याला मोठी नावे आहेत. वस्तीत त्याला नाव नाही, कारण ते रोजचे आहे. जमीन नाही, पगार नाही, ठेव नाही म्हणून रक्कम एकत्र होत नाही. आणि जमीन का नाही, पगार का नाही, याचे उत्तर जातीत आहे. म्हणून रिचार्जमधले हे ३३८ रुपये हा नुसता बाजारभाव नाही. भूमिहीन ठेवल्या गेलेल्या समाजाकडून दरवर्षी वसूल होणारा तो दंड आहे.

जमीन तेवढे घर, खिसा तेवढे शिक्षण

किल्लारीच्या माणसाला ही रीत नवी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादची गावे गाडली. जमिनीने माणसे गिळताना जात पाहिली नाही. पण पुनर्वसनात घर देताना जमीन पाहिली गेली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबाला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, सात हेक्टरच्या वर जमीन असणाऱ्याला ७५०. कोणाचे किती गेले यावर भरपाई ठरली, कोणाला किती लागते यावर ठरली नाही. ज्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या काही येऊच दिले नव्हते, त्याचे गेलेही 'कमी' ठरले.

त्या अडीचशे फुटांत आज तिसरी पिढी शिकते आहे. एकाच खोलीत चूल, आजीची खाट, टीव्ही आणि दहावीचा अभ्यास. कोपऱ्यात हेडफोन लावून व्हिडिओवर गणित समजून घेणारे पोर दिसले की शेजारी म्हणतात, "बघा, दिवसभर मोबाइल!" ७५० फुटांच्या घरात त्याच वयाच्या मुलाला वेगळी खोली आणि वायफाय असते, आणि तेथे त्याला 'ऑनलाइन लेक्चर' म्हणतात. लातूर इथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. लातूर पॅटर्नची कीर्ती देशभर आहे. पण त्या पॅटर्नची फी भरू न शकणाऱ्याला क्लासची खोली परवडत नाही, तेव्हा त्याच्याकडे उरतो तो हातातला फोन. तोही रिचार्जअभावी बंद पडला तर त्याने कोणत्या पॅटर्नने शिकायचे?

१९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला होता, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला होता. कागद होता, पाणी नव्हते. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना चवदार तळ्यावर जावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. २०१२ साली टूजीच्या खटल्यात १२२ परवाने रद्द करताना त्याच न्यायालयाने स्पेक्ट्रम ही नैसर्गिक साधनसंपत्ती आहे असे म्हटले. कंपन्या ज्या लहरी विकतात त्या आपल्याही आहेत. तळे सार्वजनिक आणि घोटाला दर लावणारा खाजगी, अशी ही व्यवस्था आहे. चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्यांनी या तळ्याकडेही बघायला हवे.

"मोबाइलने पोरं बिघडली"

हे वाक्य आपल्याकडचे मोठेही बोलतात, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे. रील्समध्ये रात्र जाते, हे खरे. पैशांच्या ऑनलाइन गेममध्ये खेड्यापाड्यांतल्या तरुणांनी कर्ज करून घेतले, हेही खरे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला त्यावर बंदीचा कायदा करावा लागला. पण यावर उपाय म्हणून आपल्याच मुलाचा फोन काढून घ्यायचा, हे आम्हाला मान्य नाही. दारूचे दुकान गावात आहे म्हणून कोणी पोराला गावात फिरायला बंदी करत नाही. त्याला समज देतो, दुकानाविरुद्ध मोर्चा काढतो.

आणि आपल्या हातातला फोन दुसऱ्यांना किती खुपतो ते लक्षात ठेवा. मे २०१५ मध्ये शिर्डीत नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या एका दलित तरुणाचा खून झाला. वाद सुरू झाला तो त्याच्या मोबाइलवर वाजलेल्या बाबासाहेबांवरच्या गाण्याच्या रिंगटोनवरून, असे तेव्हा बातम्यांत आले. गाणे वाजले, बंद कर म्हटले गेले, आणि एका तरुणाचा जीव गेला. फोन ही आपल्यासाठी नुसती चैनीची वस्तू असती तर त्यातून निघणाऱ्या आवाजाची एवढी चीड आली नसती. तो आवाज आहे, साक्ष आहे, अत्याचाराचा व्हिडिओ आहे, वकिलाचा नंबर आहे. आपल्या मुलांच्या हातात तो चालू राहिला पाहिजे.

लेकीचा फोन

मुलाला बारावीत फोन मिळतो. मुलीला? "घरात एक आहे ना, त्यावरच बघ." घरातला एक म्हणजे भावाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा फोन होता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेले पुरुष ५७ टक्के होते, स्त्रिया ३३.

ही दरी पैशाची म्हणून सांगितली जाते. दोनशे रुपयांचे दोन रिचार्ज परवडत नाहीत, हे अनेक घरांत खरेच आहे. पण परवडतो तिथेही तो मुलाकडेच का जातो? १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात टिकते ती जातीतच लग्न लावण्याने, आणि त्यासाठी बाईवर पहारा ठेवावा लागतो. "पोरगी कोणाशी बोलते" ही काळजी त्या पहाऱ्याचेच आजचे रूप आहे. बुद्धवंदना म्हणणाऱ्या, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हा पहारा असेल तर तो मनूचा पहारा आहे, हे स्पष्ट सांगायला आम्ही कचरणार नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या खटल्यात निकाल दिला. वसतिगृहात संध्याकाळी फोन जमा करायची सक्ती तिने नाकारली होती, म्हणून तिला काढून टाकले होते. न्यायालयाने इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला आणि तिला परत घ्यायला सांगितले. हा निकाल वस्तीतल्या प्रत्येक मुलीला आणि तिच्या बापाला माहीत असायला हवा.

मग प्लॅन निवडायचा कसा?

नुसती भाषणबाजी नको म्हणून, आम्ही पालकांना जे सांगतो ते इथे देतो. भाव बदलत राहतील, हिशेबाची रीत बदलणार नाही.

पहिले, किंमत वर्षाची काढा. २८ दिवसांचा असेल तर तेराने गुणा, ८४ दिवसांचा असेल तर साधारण ४.३५ ने गुणा. दुकानदार महिन्याचा म्हणून २८ दिवसांचा देतो. ट्रायने जानेवारी २०२२ मध्येच आदेश दिला आहे की किमान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नवा होणारा असावा. तो मागून घ्या. पण तोही मोजून घ्या. जिओचा असा महिन्याचा प्लॅन ३१९ चा आला, वर्षाचे ३८२८. २९९ च्या तेरा रिचार्जपेक्षा बचत फक्त ५९ रुपये.

दुसरे, गरज ठरवा. नंबर जिवंत ठेवणे, घरी बोलणे आणि अभ्यास या तीन वेगळ्या गरजा आहेत. ३६० च्या दर्जाचा व्हिडिओ तासाला साधारण ३०० एमबी खातो, ७२० चा एक जीबीच्या वर जातो. व्हिडिओचा दर्जा कमी ठेवला तर २ जीबीत महिन्याला सहा-सात तास अभ्यास होतो. तेवढ्याने भागत नसेल तरच रोजच्या डेटाचा प्लॅन घ्या. रोजचा डेटा रात्री बाराला वाया जातो, म्हणून मूल तो 'संपवायला' रील्स बघते. एकत्र डेटाचा प्लॅन असेल तर मूल स्वतः हिशेब शिकते. फोन काढून घेण्यापेक्षा ही शिस्त बरी.

तिसरे, स्वस्त म्हणून कंपनी बदलण्याआधी नेटवर्क घरात बघा. ज्या कोपऱ्यात मूल अभ्यासाला बसते तिथे, रात्री आठ ते दहाच्या वेळेत, त्या कंपनीचे सिम असलेल्या शेजाऱ्याचा फोन चालवून पाहा. बीएसएनएलने जुलै २०२४ च्या दरवाढीत भाव वाढवले नाहीत, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचे स्वदेशी ४जी सुरू झाले. तुमच्या घरात ते चालत असेल तर तेच घ्या. पैसे सरकारी कंपनीकडे जातील. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची असेल तर १९०० वर पोर्टचा मेसेज जातो, दुकानदाराने "होत नाही" म्हटले तरी.

चौथे, सिम कोणाच्या नावावर? अठरा वर्षांखालच्या मुलाला सिम देता येत नाही, म्हणून ते पालकाच्या नावावरच निघते. आमचे सांगणे, ते आईच्या नावावर काढा. बाप किंवा काका कामासाठी बाहेरगावी असतात, कागदपत्रे आणि बोटांचे ठसे लागले की काम अडते. आणि मुलीच्या नंबरवर आईचा ताबा असणे हे भावाच्या ताब्यापेक्षा कधीही बरे. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावाने किती सिम चालू आहेत ते बघता येते. एकदा जरूर बघा. गरिबाच्या आधारवर दुसऱ्याचे सिम निघण्याचे प्रकार होतात, आणि पोलीस आधी नाव असलेल्याच्याच दारात येतात.

पाचवे, आधारला जोडलेला नंबर कधीही मरू देऊ नका. रिचार्ज संपला तरी त्यात २० रुपये शिल्लक ठेवा. त्याच २०१३ च्या नियमानुसार, ९० दिवस वापर नसला तरी शिल्लक २० रुपये असतील तर ते कापून नंबर पुढे चालू ठेवावा लागतो.

जयंती मंडळाने करायचे काम

गरिबीचा दंड एकट्याने चुकत नाही, एकत्र आल्यावर चुकतो. वर्षाचा प्लॅन २२४९. वस्तीतले वीस विद्यार्थी धरले तर ४४,९८० रुपये, म्हणजे पंचेचाळीस हजार. जयंती मंडळाने किंवा आयांच्या बचत गटाने ही रक्कम एकदा उभी करावी, जूनमध्ये वीसही रिचार्ज एकत्र मारावेत, आणि प्रत्येक घराकडून महिन्याला १८८ रुपये परत घ्यावेत. व्याज नाही, उपकार नाही. वहीत नोंद, आणि वही विहारात सर्वांसमोर. जूनपर्यंत पैसे परत जमा झाले की पुढच्या वर्षी तीच रक्कम पुन्हा फिरते. पहिल्या वीसांत निम्म्या मुली असाव्यात, ही अट आधीच लिहून ठेवा.

पंचेचाळीस हजार कुठून आणायचे, असे विचारणाऱ्यांनी १४ एप्रिलच्या मिरवणुकीतल्या डीजेची पावती काढून बघावी. जयंती धडाक्यात व्हावी, आम्ही स्वतः तिच्यात नाचतो. पण ज्या बाबासाहेबांना कॉलेजात सयाजीराव महाराजांच्या महिना २५ रुपयांनी हात दिला, त्यांच्या जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा वस्तीतल्या विद्यार्थ्याला हात देण्यासाठी असलाच पाहिजे.

सरकारकडे मागण्या

मंडळाने केले म्हणून सरकार सुटत नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, त्यांनी लावून धरली म्हणून. ती भीक नव्हती, हक्काचा वाटा होता. तो वाटा आज रिचार्जमध्ये गडप होतो आहे, म्हणून आमच्या मागण्या अशा.

एक, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या निर्वाह भत्त्यात इंटरनेटचा खर्च स्वतंत्र धरा आणि तो रिचार्जच्या दराशी जोडा. दर वाढले की भत्ता आपोआप वाढला पाहिजे. स्वाधार योजनेत भोजन, निवास आणि निर्वाह भत्ता आहे, त्यातही इंटरनेट भत्ता घाला.

दोन, 'महाज्योती'ने ओबीसी, भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांना स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी टॅब आणि रोज ६ जीबी डेटा दिला. म्हणजे हे सरकारला करता येते. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्धांच्या अकरावी-बारावीतल्या प्रत्येक विद्यार्थ्याला, फक्त नीट-जेईईवाल्यांना नव्हे, निदान नंबर आणि डेटा चालू राहील एवढी तरतूद बार्टी आणि सामाजिक न्याय विभागाने करावी.

तीन, दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के सार्वत्रिक सेवेच्या निधीला जातात. २००२ पासून हा निधी आहे, २०२३ च्या कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. आपल्या प्रत्येक रिचार्जमधून तो भरतो. त्यातून फक्त टॉवर आणि केबल नकोत, शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांचा रिचार्जही भरला पाहिजे.

चार, ट्रायने किमान रिचार्जवर वरची मर्यादा घालावी, आणि वर्षभर थोडा-थोडा भरणाऱ्याला एकरकमी भरणाऱ्यापेक्षा जास्त दर लावायला बंदी करावी.

या चार मागण्यांचे निवेदन लिहायला एक पान पुरते. किल्लारीतून, औशातून, निलंग्यातून, नांदेडच्या प्रत्येक तालुक्यातून ते समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे गेले पाहिजे. सोबत प्रत्येक विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या रिचार्जचा हिशेब जोडा. तो फोनमध्येच पडलेला असतो, फक्त उतरवून काढायचा आहे. 'शिका' म्हणणाऱ्या बाबासाहेबांच्या लेकरांचे शिक्षण २८ व्या दिवशी रात्री बारा वाजता बंद पडते. ते पुन्हा सुरू करायला आईला दोनशे रुपये शोधावे लागतात. आधी त्या दोनशे रुपयांची सोय वस्तीने करावी, आणि मग ते सरकारकडून वसूल करावेत.

जय भीम.